बोगद्यातली मागणी

माझ्या मुलाच्या मागणीच्या प्रत्येक फोटोत मी हजर आहे. माझा उजवा हात मात्र एकाही फोटोत नाही.

(मागणी म्हणजे आमच्या ख्रिस्ती घरांतला साखरपुडा. पाळकसाहेब येतात, प्रार्थना होते, अंगठ्यांवर आशीर्वाद मागितला जातो, मुलगा-मुलगी एकमेकांना अंगठ्या घालतात आणि मग सगळे बिर्याणीकडे वळतात. इतका साधासरळ कार्यक्रम! त्याचा विचका करायला खास बुद्धी लागते, आणि ती आमच्या घरात फक्त माझ्याकडे आहे.)

तसा दोष सुरुवातीला आशिषचा. आशिष आमचा एकुलता एक. पुण्याला नोकरी करतो. भिंगारच्या लष्करी डेपोतली माझी सिव्हिलियन कारकुनी संपली आणि मी घरी बसलो, तेव्हा त्यानं मला एक खोकं आणून दिलं. आत एक छोटं इंजिन, त्याचे डबे आणि जोडायचे रूळ.

"पप्पा, घ्या. तेवढाच टाइमपास."

टाइमपास! माणसाला व्यसन लावणारेही पहिल्यांदा असंच काहीतरी म्हणत असतील.

पहिल्या दिवशी गाडी जेवणाच्या टेबलावर आमटीच्या पातेल्याभोवती फिरली. शालिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कौतुकानं टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, झालं, संपलं. पण नुसती गोल गोल फिरणारी गाडी बघून मला कसंसंच व्हायला लागलं. ही निघते कुठून? जाते कुठं? हिला स्टेशन नको? स्टेशन केलं तर फलाटावर माणसं नकोत? आणि माणसं आली तर ती काय हवेत राहणार? त्यांना गाव नको? बघता बघता हॉलमधला सोफा गॅलरीत गेला आणि त्याच्या जागी पलंगाएवढं प्लायवूड आलं. त्यावर मी एक अख्खा तालुका वसवायला घेतला.

साहित्य सगळं घरचंच. खडी चाळायला पिठाची चाळणी. भांडी घासायच्या हिरव्या घासणीची झुडपं. आगकाड्यांचं कुंपण. जुन्या लग्नपत्रिकांची घरं (कागद जाड असतो, एका घराच्या भिंतीवर मात्र 'आहेर आणू नये' असं अजून वाचता येतं). आपल्या भागात ऊस तर पाहिजेच. तो कसा करावा, हे काही केल्या सुचेना. आणि एके दिवशी सकाळी, तोंड धुताना, एकदम सुचलं.

"अहो, माझा ब्रश कुठंय?" बाथरूममधून शालिनीचा आवाज.

"कुठला? हिरवा?"

"हो, हिरवा."

"त्याला तुरे आलेत," मी म्हणालो.

त्यानंतर काही दिवस घरात जरा तणाव होता. तो मिटावा म्हणून मी स्टेशनला तिचं नाव दिलं: शालिनीनगर. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं, अगदी खऱ्यासारखी. तिनं पाटी वाचली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "माझ्या नावाच्या गावात एक संडास दिसत नाही!" दुसऱ्या दिवशी तोही बांधला. स्त्रिया-पुरुष वेगवेगळे.

मग आला डोंगर. आमच्या नगरच्या लाइनीवर बोगदा नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण गाडी दिसेनाशी व्हावी, आपण श्वास रोखून दुसऱ्या तोंडाकडे बघत बसावं आणि तिचा दिवा आधी लुकलुकावा, मग नाक दिसावं, मग ती पूर्ण बाहेर यावी, यात जे सुख आहे ते पेन्शनीत नाही! मी गुडघ्यांवर बसून, हनुवटी प्लायवूडला टेकवून, एक डोळा मिटून ते तासन्‌तास बघायचो. (शालिनीनं त्या अवस्थेतला माझा फोटो तिच्या बहिणींना पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'तब्येत बरी आहे.')

तो डोंगर मी असा काही पक्का बांधला, की विचारू नका. आधी तारेची जाळी, तिच्यावर मैद्याच्या खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्रांचे थरावर थर, त्यावर प्लास्टर, वर रंग, खालून प्लायवूडला स्क्रू. भूकंप झाला तर भिंगार पडेल, पण डोंगर पडणार नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचो.

अशात आशिषचं लग्न ठरलं. मुलगी ग्रेस, कोल्हारची, पेशानं गुरांची डॉक्टर. मागणीचा कार्यक्रम आमच्या घरी करायचं ठरलं, आणि ते ठरल्याच्या संध्याकाळी मी जाहीर केलं, "अंगठ्या गाडीतून येतील."

शालिनी भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली. (ही चांगली खूण असते. ती सुरी हातात ठेवून बोलायला लागली, की मी फाटकापर्यंत जाऊन येतो.)

"कुठल्या गाडीतून?"

"आपल्या. शालिनीनगरहून सुटेल, उसाच्या कडेनं जाईल, बोगद्यातून बाहेर पडेल आणि बरोब्बर पाळकसाहेबांच्या पुढ्यात थांबेल. शेवटच्या डब्यात अंगठ्या!"

"आणि नाही थांबली तर?"

"अगं, माझी गाडी आहे ती!"

"म्हणूनच विचारतेय."

आशिषचा फोन आला. "पप्पा, प्लीज. त्यांच्याकडची माणसं येणार आहेत. साध्या ताटलीत ठेवू ना अंगठ्या."

मुलगा ऐकेना, तेव्हा मी थेट सुनेलाच फोन लावला. होणाऱ्या सुनेला नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ती खरंच खूश झाली. "काका, मस्तच की! आमचे आजोबा तर वेडेच होतील. ते रेल्वेत गार्ड होते, मालगाडीवर."

गार्ड! मला एकदम भरून आलं. इतकी वर्षं माझ्या गाडीचं कौतुक कोणी केलं होतं? गॅसवाल्यानं. आता खरा जाणकार येणार होता.

तयारीत मी कसूर ठेवली नाही. अंगठ्यांच्या ऐवजी दोन नट डब्यात ठेवून रोज चहाच्या वेळी गाडी चालवून बघायचो. एकदाही चूक झाली नाही. शेवटी शेवटी तर शालिनीसुद्धा कप हातात घेऊन बघायला थांबायची. एकदा म्हणाली, "जमलं तर छान दिसेल हो." बायकोच्या तोंडून माझ्या गाडीबद्दल निघालेलं हे पहिलं चांगलं वाक्य. मी नवा कोट शिवायला टाकला.

मागणीच्या दिवशी कोल्हारची मंडळी आली. सगळ्यात पुढं आजोबा. पांढरी पँट, पांढरा शर्ट, वरच्या खिशात गार्डाची जुनी शिट्टी. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि त्यांनी ना माझ्याकडं बघितलं, ना नवऱ्या मुलाकडं. सरळ प्लायवूडपाशी गेले आणि पाठीमागं हात बांधून उभे राहिले.

"ह्ये शालिनीनगर कुठं आलं? नगरच्या अलीकडं का पलीकडं?"

"काल्पनिक आहे, आजोबा."

"मंग टाइमटेबलात न्हाई?"

"नाही."

"झ्याक. लेट व्हायचा प्रश्नच न्हाई."

मग ते उसाच्या शेताशी वाकले. बोटानं तुरे हलवून बघितले. "ऊस लई भारी आलाय. तोडनीला झाला की!"

शालिनीनं माझ्याकडं एक कटाक्ष टाकला. मी डोंगराकडं बोट दाखवून विषय बदलला.

"पन ह्यो बोगदा कुठनं आनला? उभा जन्म मी ब्रेकव्हॅनमंदी काढला. आपल्या लाइनीला अंधार झाला, तो फकस्त रातीचा!"

"तेवढी जरा हौस, आजोबा."

"आसू द्या, आसू द्या. डोंगर पक्का हाय ना?" असं म्हणून त्यांनी डोंगरावर मुठीनं दोन दणके घातले. आत काहीतरी टकदिशी वाजलं. "घट्ट हाय!" ते म्हणाले, आणि त्या दाखल्यानं मी इतका फुलून गेलो, की आत काय वाजलं हे बघायचं मला सुचलंच नाही.

पाहुणे बसले. फोटोवाला खुर्चीवर चढला. पाळकसाहेबांनी सुरुवातीची प्रार्थना केली, चार शब्द बोलले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "आता अंगठ्या आणाव्यात."

मी नव्या कोटात, हातात कंट्रोलर घेऊन उभा! आजोबांनी शिट्टी फुंकली. मी बटण फिरवलं. गाडी हलली. शालिनीनगरच्या फलाटावरची माणसं मागं पडली, शेवटच्या डब्यात दोन अंगठ्या चमकल्या, आणि सगळ्या हॉलमधून "अय्या!" असा एक सामुदायिक उद्गार निघाला. ग्रेसनं टाळी वाजवली. आशिषसुद्धा हसला. गाडी उसाच्या कडेनं वळली. बोगद्यात शिरली.

खट्!

मग घुर्रर्र. मग काहीच नाही.

सगळे बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाकडं बघत होते. मीही बघत होतो. दिवा नाही, नाक नाही.

"येईल," मी म्हणालो. "बोगदा जरा लांब आहे."

(बोगदा हातभर लांब होता.)

पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना पुढं आणखी एका घरी जायचं होतं. मी गाडी मागं घेऊन बघितली. घुर्रर्र. पुढं घेऊन बघितली. घुर्रर्र. ग्रेसच्या आईनं शेजारणीला हळूच विचारलं, "ह्यांच्यात आसंच आसतं का?"

"अहो," शालिनी म्हणाली. एवढंच. पण त्या 'अहो'त चाळणी होती, ब्रश होता, गॅलरीतला सोफा होता.

डोंगर उचलावा, तर तो मीच स्क्रूनं आवळलेला. मागून एखादी खिडकी ठेवायला हवी होती, हे मला नेमकं त्या क्षणी सुचलं. मग मी काय केलं? गुडघ्यावर बसलो आणि बोगद्याच्या बाहेर पडायच्या तोंडातून उजवा हात आत घातला. मनगट गेलं. कोपर गेलं. बोटांना काहीतरी गोल, गुळगुळीत लागलं.

"सापडलं! इंजिन धरलं!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी मूठ आवळली आणि हात ओढला. हात आला नाही. पुन्हा ओढला. कोटाची बाही आत चुरगळून कोपराशी गोळा झाली आणि दट्ट्यासारखी बसली.

"काय झालं?" शालिनी.

"काही नाही. इंजिन हातात आहे."

"मग काढा की."

"काढतोय."

"मग येत का नाही?"

"इंजिन मोकळं आहे," मी जरा हळू आवाजात म्हणालो. "मी अडकलोय."

हे ऐकलं मात्र, आजोबा ताडकन उठले. पेन्शनीची सगळी वर्षं त्यांच्या अंगावरून गळून पडली. "गाडी सेक्शनमंदी उभी हाय! कोनी जागचं हलायचं न्हाई!" त्यांनी टेबलावरचा लाल नॅपकिन उचलला. "गाडी मधीच अडकली, की गार्डानं मागं जाऊन लाईन राखायची आसती. मागनं दुसरी आली म्हंजी? फटाके हायेत का घरात?"

"फटाके?" शालिनी दचकली.

"रुळावर लावाया. मागच्या ड्रायवरला समजाया पायजे."

"आजोबा, मागून कुठली गाडी येणार नाहीये हो! आमच्याकडं एकच आहे!"

"आसं समदेच म्हंत्यात," आजोबा म्हणाले आणि लाल नॅपकिन घेऊन फाटकाशी जाऊन उभे राहिले.

आणि मागून खरंच गाडी आली. बिर्याणीचा टेम्पो!

आजोबांनी नॅपकिन आडवा धरला. आम्हाला खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"थांब! फुडं लाईन ब्लॉक हाय!"

"बाबा, बिर्याणी हाय. गार व्हईल."

"व्हऊ दे गार. धडक व्हाया नको."

"पन कुनाची धडक?"

"ते चौकशीत निघंल. तू मागं घे!"

टेम्पोवाल्यानं बिचाऱ्यानं टेम्पो खरंच मागं घेतला. त्याच्यामागं उशिरा आलेले आमचे चार पाहुणे होते, तेही मागं सरकले. एकजण फोनवर सांगत होता, "नाही हो, आत सोडत नाहीयेत. काहीतरी अपघात झालाय म्हणे."

आत माझ्यावर उपचार सुरू झाले होते. शालिनीनं खोबरेल तेलाची बाटली आणली आणि माझ्या बाहीत उपडी केली. तेल कोपराकडं न जाता काखेत गेलं. आशिष माझ्या कमरेला धरून मागं ओढायला लागला. हात आला नाही, पण सगळं शालिनीनगर हललं आणि फलाटावरचे प्रवासी आडवे झाले. फोटोवाल्यानं कॅमेरा रोखला.

"काका, जरा इकडं बघा. हां. उजवा हात?"

"आत आहे."

"असू द्या. चेहरा हसरा ठेवा."

पाळकसाहेब पुढं आले आणि गंभीरपणे म्हणाले, "अंगठ्या त्या डब्यात आहेत, आणि डबा आत. बरोबर?"

"बरोबर."

"शेवटचा डबा ना?"

"हो, शेवटचा."

"म्हणजे तो शिरायच्या तोंडाच्या जवळ असेल. मग तुम्ही त्या बाजूनं हात का नाही घातला?"

सगळ्यांनी आधी बोगद्याच्या त्या तोंडाकडं बघितलं, मग या तोंडाकडं, मग माझ्याकडं. खरं उत्तर असं होतं, की अंगठ्या माझ्या डोक्यातून पार गेल्या होत्या. माझा जीव इंजिनात होता. पण मुलाच्या मागणीत, सुनेच्या माणसांसमोर, हे कसं सांगणार?

"या बाजूनं प्रकाश जास्त आहे," मी म्हणालो.

शालिनीनं डोळे मिटून घेतले. ती प्रार्थना नव्हती.

तेवढ्यात ग्रेस उठली. नवी कोरी साडी, केसांत गजरा. तिनं पदर कमरेला खोचला, बांगड्या वर सरकवल्या आणि म्हणाली, "काकू, साबणाचं पाणी आणा."

मग ती माझ्याजवळ आली आणि माझ्या मानेवरून हात फिरवायला लागली. "हो... हो... शांत. काका, जोर लावू नका. जोर लावला की सगळं आवळून येतं. लांब श्वास घ्या. बास, बास..." त्या आवाजात काय होतं कोण जाणे, मला खरंच बरं वाटलं. (गाईला ती अशीच शांत करते, हे मला पुढं कळलं. तेव्हा कळलं असतं, तरी मी हललो नसतो.)

"तिच्या हाताला लई यश हाय," ग्रेसची आई शालिनीला सांगत होती. "परवाच शेजारच्यांची गाय अडली हुती. रेबाचा, मंजी आमच्या ग्रेसचाच हो, घरात रेबा म्हंतो आमी, हात लागला आन मोकळी झाली."

मला मोकळं करण्याआधी ग्रेस बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी गेली. साबणाच्या पाण्यात हात बुडवून तिनं तो अलगद आत सारला. डोळे वर छताकडं. सगळं काम बोटांनी.

"लागलं हाताला," ती पुटपुटली. "आडवं आहे... थांबा, सरळ करते... आलं... आलं..."

आणि तिनं डबा बाहेर काढला! पालथा न होता, सुखरूप, आत दोन अंगठ्या! लोकांनी जो काही गजर केला, तो थेट फाटकापर्यंत गेला. तिकडून आजोबा ओरडले, "काय झालं? गोऱ्हा का कालवड?"

"अंगठ्या, बाबा, अंगठ्या!" ग्रेसच्या आईनं खिडकीतून सांगितलं.

मग मागणी झाली. हो, तशीच झाली. पाळकसाहेब थांबायला तयार नव्हते, आणि नवऱ्या मुलाच्या बापाला मोकळा होईपर्यंत थांबावं, असं कोणी सुचवलंही नाही. मी डोंगराला टेकून गुडघ्यांवर, माझ्या शेजारी आशिष आणि ग्रेस उभे. पाळकसाहेबांनी सगळ्यांना हात जोडायला सांगितलं. मी डावा हात छातीशी धरला. त्यांनी त्या दोघांसाठी सुंदर प्रार्थना केली आणि शेवटी, जरा थांबून, म्हणाले, "आणि हे प्रभू, आमचे बंधू सुधाकर यांनाही मोकळं कर."

"आमेन!" सगळ्यात मोठा आवाज शालिनीचा होता.

अंगठ्या घातल्या गेल्या. टाळ्या झाल्या. आणि ग्रेस, बोटात नवी अंगठी, पेढा खायलासुद्धा न थांबता माझ्यापाशी येऊन बसली.

"पप्पा," ती म्हणाली, "आता तुमचं बघू. मूठ उघडा."

पप्पा! आतापर्यंत मी काका होतो.

"मूठ उघडली तर इंजिन पडेल, बेटा."

"अहो, ते आधीच पडलंय!" शालिनी.

"पप्पा, इंजिनाचं मी बघते. तुम्ही सोडा. मी आहे ना."

इतक्या मायेनं मला कोणी काही सोडायला सांगितलं नव्हतं. मूठ आपोआप उघडली. तेल, साबण आणि देवाची कृपा, सगळं एकदम लागू पडलं आणि हात सर्रकन बाहेर आला. कोटाची बाही आतच राहिली.

आशिषनं मोबाइलचा टॉर्च लावून आत बघितलं. मग बाही ओढून काढली, स्वतःचा उघडा हात आत घालून एक वस्तू बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली.

"पप्पा, हे काय?"

ती डिंकाची रिकामी बाटली होती. डोंगर बांधताना मीच आत विसरलेली. इतके दिवस ती भिंतीला टेकून गुपचूप उभी होती; त्या दोन दणक्यांनी ती रुळांवर आडवी झाली, आणि गाडी तिच्यावर आदळली. म्हणजे अख्ख्या मागणीभर, प्रार्थनेत, आशीर्वादात, फोटोंत, ज्याच्यासाठी मी हात सोडवून घेतला नव्हता ते इंजिन नव्हतंच. इंजिन मागं अंधारात कलंडून जाळीत रुतलं होतं. मी जिवापाड जपली ती बाटली. तीही रिकामी!

मी काही बोलणार, तेवढ्यात आजोबा फाटकावरून आत आले. बाटली हातात घेऊन उलटी-पालटी बघितली, चष्मा सारखा केला आणि तिथल्या तिथं निकाल दिला.

"रुळावर मटेरियल सोडलं कोनी?"

"मी, आजोबा. पण ती उभी होती. तुम्ही दणके मारले म्हणून—"

"गार्डानं डोंगर तपासला. डोंगर घट्ट हाय. त्यात गार्डाची चूक न्हाई." ते माझ्याकडं वळले. "तुमी सस्पेंड!"

मग त्यांनी खिडकीतून शिट्टी मारली, ग्रेसच्या आईच्या हिरव्या पदराचं टोक हलवून टेम्पोला लाईन क्लिअर दिली आणि बिर्याणी एकदाची आत आली. गार झाली होती, पण तक्रार कोणी केली नाही. उलट मंडळी इतकी खुशीत जेवली, की मला जरा रागच आला. ग्रेसच्या आईनं निघताना शालिनीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आमाला काळजी हुती, पुन्याच्या नोकरीवालं घर, कसं आसंल काय आसंल. पन तुमी लई मोकळी मानसं हायेत." मोकळी, हा शब्द तिनं जरा जपून वापरायला हवा होता, असं मला वाटलं.

इंजिन काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी तो डोंगर फोडावा लागला. भूकंपालाही न हलणारा डोंगर शालिनीनं वरवंट्यानं फोडला, आणि ती इतकी आनंदात होती, की मी तिला थोडं सावकाश, असंही म्हणू शकलो नाही.

आजोबा आता दर आठवड्याला कोल्हारहून येतात. माझं निलंबन त्यांनी मागं घेतलं, पण मला परत ड्रायवर केलेलं नाही. सध्या मी खडी पसरतो आणि ते बघतात. नवा डोंगरही त्यांच्याच देखरेखीखाली उभा राहतोय. या वेळी मागच्या बाजूला खिडकी ठेवायची, हे ग्रेसनं फोनवर बजावून सांगितलं होतं. परवा आजोबांच्या नजरेखाली मी माझ्या दंडाचं माप घेऊन जाळीवर गोल आखत होतो. शालिनी चहा घेऊन आली.

"नुसत्या हाताचं माप घेऊ नका," ती म्हणाली. "डोक्याचंही घ्या. पुढच्या वेळी तेही घालाल."

मला राग आला. पण मग वाटलं, आत वाकून नीट बघता येईल, कल्पना वाईट नाही. म्हणून खिडकी मोठी कापली, आणि ती शालिनीसमोरच वापरून दाखवावी म्हणून डोकं आत घातलं. अगदी सहज गेलं. कानसुद्धा घासले नाहीत.

ते बाहेर काढायला मात्र ग्रेसला कोल्हारहून बोलवावं लागलं. आणि ती वाटेत असताना आजोबांनी फाटकावर जाऊन दूधवाल्याला अडवलं.